कुटुंबासोबत वल्हवण्यासाठी नदीचा सुंदर आणि सोपा टप्पा कसा निवडावा

नदीवर वल्हवायला प्रथमच निघालेली कुटुंबे सहसा ‘कोणती नदी सोपी आहे?’ असे विचारतात. या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही, कारण एकच नदी उगमाकडे दगडांवरून आदळत उतरते, मधल्या पट्ट्यात डोह आणि खळाळ यांच्यामधून आलटूनपालटून वाहते आणि सखल भागात पोहोचल्यावर इतकी रुंद व मंद होते की समोरून वारा सुटला तर होडी जागची हलत नाही. म्हणून निवड नदीची नव्हे, तर तिच्या एका ठरावीक टप्प्याची करायची असते. होडी पाण्यात कुठे घालायची, बाहेर कुठे काढायची आणि त्या दिवशी पाणी किती असेल, हे ठरल्याशिवाय कोणताही टप्पा सोपा की अवघड ते सांगता येत नाही. टप्प्यातील सर्वांत अवघड जागेशी आपल्यातील सर्वांत लहान किंवा नवख्या व्यक्तीची गाठ पडली, तर काय होईल, याचे उत्तर निर्धास्तपणे देता आले पाहिजे. येथे सरासरी काढून चालत नाही. बारा किलोमीटरपैकी साडेअकरा किलोमीटर पाणी संथ असले, तरी निर्णय उरलेल्या अर्ध्या किलोमीटरवरूनच घ्यायचा असतो.

खळाळत्या पाण्याची अवघडता सांगण्यासाठी सहा श्रेणींची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी प्रचलित आहे. पहिल्या श्रेणीत वाहते पाणी, लहान लाटा आणि सहज चुकवता येणारे मोजके अडथळे असतात. दुसऱ्या श्रेणीतील खळाळ सरळ असतात आणि त्यांतून जाणारी रुंद वाट काठावर उतरून न पाहताही होडीतूनच दिसते. तिसऱ्या श्रेणीपासून अनियमित लाटा, अरुंद वाटा आणि होडी नेमकी वळवण्याचे कौशल्य यांचा प्रश्न सुरू होतो. मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पहिल्या श्रेणीतच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या श्रेणीचा एखादा खळाळ स्वीकारायचाच असेल, तर त्याच्या खाली लांब, शांत डोह असावा आणि हवे तर मुलांना काठाने चालवत पुढे नेता यावे. टप्प्याच्या वर्णनात कधीकधी ‘१ (२)’ असे लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ असा की बहुतेक टप्पा पहिल्या श्रेणीचा आहे, पण एखादी जागा दुसऱ्या श्रेणीची आहे. कुटुंबाने आधी कंसातला आकडा वाचावा. या मोजपट्टीच्या काही आवृत्त्यांत अशीही सूचना आढळते की पाण्याचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसपेक्षा कमी असेल किंवा प्रवास लांबच्या निर्जन भागातून असेल, तर टप्पा एक श्रेणी अधिक अवघड समजावा. ही सूचना अनेकांच्या वाचनातून सुटते, आणि वसंताच्या सुरुवातीला बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्यांवर तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

श्रेणीची माहिती मिळत नसेल, तर नकाशावरून उतार काढता येतो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेच्या उंचीतील फरकाला नदीच्या वळणावळणाने मोजलेल्या लांबीने भागले की दर किलोमीटरला पाणी किती मीटर उतरते ते कळते. एक मीटरच्या आसपासचा उतार संथ असतो, दोन मीटरपर्यंतचा नवख्यांना सामान्यतः झेपतो आणि चार-पाच मीटरच्या पुढे खळाळ वारंवार येऊ लागतात. मात्र हा उतार सगळीकडे सारखा वाटला गेला आहे, असे गृहीत धरू नये. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एखाद्या ठिकाणी नदीला लागोपाठ छेदत असतील, तर सगळी उतरण तिथेच साठलेली असते, आणि ती जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढचा विचारच करू नये.

यानंतर पाण्याचा प्रश्न येतो आणि माझ्या मते संपूर्ण निवडीत सर्वाधिक वेळ याच प्रश्नाला द्यायला हवा. विसर्ग, म्हणजे पात्रातून दर सेकंदाला किती पाणी वाहते ते, क्युसेकमध्ये किंवा क्युमेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, आणि एका क्युमेकमध्ये सुमारे ३५ क्युसेक मावतात. नुसता आकडा काहीच सांगत नाही, कारण जो विसर्ग रुंद पात्रात घोट्याएवढा पसरतो तोच अरुंद घळीत धडकी भरवतो. म्हणून त्या टप्प्यावर नियमित वल्हवणाऱ्यांना विचारून तीन आकडे लिहून घ्यावेत: पाणी कितीपेक्षा कमी झाले की होडी दगडांना घासू लागते, किती पाणी निवांत वाटते आणि किती पाण्यानंतर ते स्वतः मुलांना नेत नाहीत. तिसरा आकडा सर्वांत मोलाचा आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की होडीवर, झाडाच्या फांदीवर किंवा बुडत्या माणसाच्या अंगावर येणारा जोर सुमारे चौपट होतो. त्यामुळे पाणी थोडेसेच वाढले आहे, असे काठावरून वाटत असताना आत परिस्थिती पूर्ण बदललेली असू शकते. पाणी गढूळ झालेले असेल, फांद्या व पाचोळा वाहून येत असेल किंवा काठावरच्या झुडपांच्या बुंध्यांमधून पाणी शिरले असेल, तर त्या दिवशी जाऊ नये. वरच्या बाजूला धरण असेल, तर पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. आकाश निरभ्र असतानाही अशा नदीची पातळी वेगाने चढू शकते आणि ज्या वाळूच्या पट्ट्यावर जेवणाचे डबे उघडले आहेत तोच पाण्याखाली जाऊ शकतो.

मोजमापाची सोय नसेल, तर काठावर तीस मीटरचे अंतर मोजावे आणि मुख्य धारेत काटकी टाकून ती हे अंतर किती वेळात कापते ते पाहावे. तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वेग सेकंदाला एक मीटरहून, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटरहून जास्त आहे, आणि अशा धारेविरुद्ध लहान मूल पोहू शकत नाही. पहिल्या सहलीसाठी याच्या निम्मा किंवा त्याहूनही मंद वेग आदर्श समजावा. एवढ्या मंद पाण्यात उलट दिशेने वल्हवत निघालेल्या जागी परत येता येते, त्यामुळे दुसऱ्या टोकाला वाहन ठेवण्याची गरज उरत नाही आणि कोणी कंटाळले तर अर्ध्यातून मागे फिरता येते.

अवघड वाटणाऱ्या लाटांपेक्षा निरुपद्रवी दिसणाऱ्या काही जागा कितीतरी अधिक धोकादायक असतात. पाण्यात कोसळलेले झाड हे त्याचे पहिले उदाहरण. फांद्यांच्या जाळीतून पाणी आरपार जाते, पण होडी आणि माणूस तिथेच दाबले जातात. अशी झाडे बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूला सापडतात, कारण तिथे धार वेगवान असते, काठ कोरला जातो आणि मुळे उघडी पडून झाड पाण्यात येते. म्हणून वळणावर होडी आतल्या बाजूला ठेवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी आणि निवडताना मोठ्या पुरानंतर अद्याप कोणीही न पाहिलेला टप्पा सरळ बाद करावा. दुसरा धोका बुटक्या बंधाऱ्यांचा आहे. वरून येताना असा बंधारा पाण्यावर ओढलेल्या सरळ रेषेसारखा दिसतो, आणि पलीकडे पाणी पडून उलट फिरत असल्यामुळे त्यात अडकलेली वस्तू पुन्हापुन्हा बंधाऱ्याकडेच खेचली जाते. उंची जेमतेम मीटरभर असली, तरी चांगला पोहणाराही यातून सुटू शकत नाही. टप्प्यात बंधारा असेल आणि त्याच्या बऱ्याच आधी होडी काठाला लावून उचलून नेण्याची सोयीची वाट नसेल, तर तो टप्पा कितीही सुंदर असला तरी कुटुंबासाठी नाही. पुलांचे खांब, काठाखाली पोखरलेले खडक आणि पात्रावर आडव्या बांधलेल्या तारा यांचीही चौकशी करावी. होडी उलटल्यास वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दगडांत अडकला की प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबतो. पाठीवर तरंगत, पावले पुढे आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवून, शांत पाण्याकडे सरकायचे, हे मुलांना घरीच शिकवून न्यावे.

आता सौंदर्याविषयी. टप्पा रम्य आहे की नाही हे काठावरच्या छायाचित्रांवरून ठरवू नये, कारण होडीत बसलेल्या माणसाची नजर पाण्यापासून मीटरभरही उंच नसते आणि मुलांची तर त्याहून खाली असते. दोन्ही बाजूंना तीन-चार मीटर उंचीचे मातीचे काठ असतील, तर त्यांच्यामागची कुरणे आणि डोंगर दिसतच नाहीत. याउलट वीस-तीस मीटर रुंदीची, कमी उंचीच्या काठांची, झाडांची सावली आणि मधूनमधून वाळूचे किंवा गोट्यांचे पट्टे असलेली नदी नकाशावर साधी दिसली, तरी तिच्यावर खंड्या पुढेपुढे उडताना, बगळे उथळ पाण्यात थांबलेले आणि तळाचे गोटे सरकत जाताना दिसतात. उपग्रहचित्रात बेटे, फिकट रंगाचे वाळूचे पट्टे आणि पाण्यावर पडलेल्या झाडांच्या सावल्या शोधाव्यात. सरळ, रुंद, उघडी पात्रे टाळावीत, कारण तिथे देखावा तासभर बदलत नाही आणि मुले ‘अजून किती राहिले?’ असे विचारू लागतात.

घळींचे आकर्षण सर्वांनाच असते, पण उंच कड्यांमध्ये काठ नसतो, रस्ता नसतो आणि एकदा आत गेल्यावर शेवटपर्यंत जावेच लागते. फ्रान्समधील आर्देश नदीचे उदाहरण येथे शिकण्यासारखे आहे. तिची चुनखडीची घळ पूर्ण पार करायची तर सुमारे तीस किलोमीटर वल्हवावे लागते, परंतु पाँ दार्क हा पाण्यावरचा प्रचंड नैसर्गिक दगडी कमानपूल घळीच्या वरच्या तोंडाशी असल्यामुळे सात-आठ किलोमीटरच्या छोट्या टप्प्यातही त्याच्याखालून जाता येते. त्या छोट्या टप्प्यातही खळाळ आहेत, म्हणून पाण्याची पातळी पाहावी लागतेच, पण विचार करण्याची पद्धत हीच असावी: एखाद्या प्रसिद्ध नदीचे उत्तम दृश्य कोणत्या लहानात लहान, सुटकेच्या वाटा असलेल्या तुकड्यात सामावते, ते शोधावे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने संरक्षित नद्यांचे तीन वर्ग केले आहेत, आणि त्यांपैकी निसर्गरम्य वर्गातील नद्यांचे काठ बहुतांशी अविकसित, तरीही ठिकठिकाणी रस्त्याने पोहोचता येण्याजोगे असतात. कुटुंबाला नेमका असाच काठ हवा असतो: नजरेला रान दिसावे आणि गरज पडली तर रस्ताही गाठता यावा.

लांबी ठरवताना मोह आवरावा. संथ प्रवाहासोबत सतत वल्हवले तर ताशी चार-पाच किलोमीटर सहज जातात, पण मुलांसोबत दगड गोळा करणे, पाण्यात पाय सोडून बसणे आणि खाणे यांत इतका वेळ जातो की ताशी दोन-अडीच किलोमीटर धरणेच योग्य. पहिल्या दिवसासाठी पाच-सहा किलोमीटर पुरेसे आहेत, आणि अगदी लहान मुले असतील तर तीन-चार. दर दोन-तीन किलोमीटरला काठावर चढून रस्ता गाठता येईल अशी जागा असावी. रुंद पात्रात दुपारचा वारा थकवतो, म्हणून सकाळी लवकर निघावे.

होडीची निवड टप्प्यावर अवलंबून असते. संथ पाण्यात रुंद बुडाची दोन-तीन जणांची कॅनू (लांबट, उघडी होडी) किंवा वर बसण्याची कयाक (जिच्या पोकळीत नव्हे, तर बंद पृष्ठभागावर बसतात अशी अरुंद होडी) चालते. वर बसण्याच्या कयाकमध्ये पाणी साचत नाही आणि पडल्यावर पुन्हा चढणे सोपे जाते. हवा भरलेली समुद्रकिनाऱ्यावरची खेळणी नदीत नेऊ नयेत. लाइफजॅकेट प्रत्येकाने पाण्यावर असेपर्यंत घातलेले असावे. ५० न्यूटनचे जॅकेट (न्यूटन हे जॅकेटच्या तरंगवण्याच्या जोराचे माप) पोहता येणाऱ्यांसाठी असते, तर न पोहणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी १०० न्यूटनचे, मानेमागे आधार देणारे आणि पायांमधून पट्टा असलेले जॅकेट घ्यावे. पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून मूल उचलून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले, तर ते मोठे आहे. मुलाला होडीला कधीही बांधू नये. पाणी १५ अंशांहून थंड असेल, तर अचानक पडल्यावर श्वास आवरत नाही, म्हणून अशा पाण्यासाठी वेटसूट (पाण्यातही शरीराची ऊब टिकवणारा घट्ट पोशाख) लागतो किंवा सहल उन्हाळ्यावर ढकलावी लागते.

टप्पा निश्चित झाल्यावर तो शेवटाकडून तपासावा. आधी बाहेर पडण्याची जागा जमिनीवरून पाहावी, तिथे मुलांना उतरता येईल एवढा उथळ आणि मंद काठ आहे का, ती चुकल्यास पुढे काय आहे आणि पाण्यावरून ती कशी ओळखायची, हे लक्षात ठेवावे. काठावरच्या एखाद्या झाडाला रंगीत फडके बांधले, तर वळण घेताच जागा दिसते. मग मधल्या पुलांवर थांबून पात्र पाहत वर जावे आणि सर्वांत शेवटी निघण्याची जागा पाहावी. किती क्युसेकच्या पुढे किंवा पुलाच्या खांबावरच्या कोणत्या खुणेच्या वर पाणी असेल तर परत फिरायचे, ते घरी असतानाच ठरवून कागदावर लिहावे, कारण होड्या उतरवून झाल्यावर आणि मुले जॅकेट घालून उभी राहिल्यावर नाही म्हणणे फार कठीण जाते. तोच कागद, टप्प्याची दोन्ही टोके आणि परतण्याची वेळ लिहून, सोबत पाण्यावर न येणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडे द्यावा आणि ठरलेल्या वेळेनंतर किती वाट पाहून बचाव यंत्रणेला कळवायचे, हेही तिला सांगून निघावे.