माफीची बातमी कशी वाचावी

आमच्या इंदूरला रामबागेत सकाळी पोह्यांवर शेव पडेपर्यंत अमेरिकेच्या ट्रम्पनी कुणाला माफी दिली, यावर गप्पांत निकाल लागलेला असतो. मी जुना वकील, माझं एकच म्हणणं: आधी तारीख बघा, माफी निवडणुकीआधीची की नंतरची. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेल्या आधीच्या अध्यक्षांना, निक्सनना, सप्टेंबर १९७४ मध्ये माफ केलं. दोन महिन्यांत तिथल्या संसदेच्या निवडणुकीत फोर्डच्या पक्षाला दणका बसला, १९७६ ला ते स्वतःही पडले. (महागाईही होती हो, सगळं खापर माफीवर फोडू नका.) अध्यक्ष थोरल्या बुशनी मात्र माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गरना माफी दिली डिसेंबर १९९२ मध्ये, निवडणूक हरल्यावर. मतदार काय करणार, कपाळ?

मग बघा, पूर्ण माफी की नुसती शिक्षेत सूट? आपले जुने सल्लागार रॉजर स्टोन यांची नुसती कैद ट्रम्पनी जुलै २०२० मध्ये रद्द केली. पूर्ण माफी मतदान उरकल्यावर, डिसेंबरात.

आपल्याकडचं वाचताना राज्यघटनेचं कलम ७२ उघडा, राष्ट्रपतींच्या माफीचं. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, राज्यपालांचं कलम १६१. आणि कोर्ट दोन्ही तपासतं. आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली एक सूट सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये रद्द केली. कैदी चांगला काँग्रेस कार्यकर्ता आहे, असं चक्क सरकारी कागदात लिहिलं होतं!