रिमोट कुणाच्याही हाती जावो, फाइल जागेवर राहिली पाहिजे

घरातले चित्रपट नि व्हिडिओ मी एका कॉम्प्युटरवर साठवतो आणि तिथून मीडिया सर्व्हर नावाच्या प्रोग्रॅमनं टीव्हीवर बघतो. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे कोथरूडला राहायला आला होता. टीव्हीवर कार्टून शोधता शोधता त्यानं तीन ठिपक्यांचा मेनू उघडला, 'डिलीट' दाबलं आणि 'नक्की?' विचारल्यावर 'हो'ही म्हणून टाकलं. गेलं ते आजोबांच्या एकसष्टीचं चित्रीकरण. मूळ कॅसेटला केव्हाच बुरशी लागलेली. बॅकअप होता की! पण रोज रात्री दोन्ही डिस्क हुबेहूब जुळवणारी स्क्रिप्ट मीच लावलेली; तिनं इमानेइतबारे दुसरीकडचंही पुसलं. पोराला काय बोलणार? टीव्हीवर ॲडमिन खातं मीच उघडं ठेवलं होतं.

म्हणून पहिलं काम खात्यांचं. टीव्हीसाठी, पाहुण्यांसाठी आणि स्वतःच्या रोजच्या बघण्यासाठीही साधी खाती काढा. जेलीफिन आणि प्लेक्स हे असे दोन मीडिया सर्व्हर. जेलीफिनमध्ये डॅशबोर्डात प्रत्येक युजरच्या पानावर मीडिया डिलीट करण्याची परवानगी असते, तिथल्या सगळ्या खुणा काढा. प्लेक्समध्ये सेटिंग्जच्या लायब्ररी भागात मीडिया डिलीट करू देण्याचा पर्याय आहे, तो बंद करा.

एवढ्यावर थांबू नका. सर्व्हरमध्ये भोक सापडलं किंवा ॲडमिनचा पासवर्ड फुटला, की या खुणा कुचकामी. सर्व्हरचं काम फाइल वाचून दाखवणं; त्याला लिहायचा हक्क हवाच कशाला? सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात चालवण्याची सोय) चालवत असाल तर मीडिया फोल्डर जोडण्याच्या ओळीत शेवटी अपूर्णविराम देऊन 'आर-ओ' ही दोन इंग्रजी अक्षरं लिहा. फोल्डर फक्त वाचण्यापुरता जोडला जातो. डॉकर नसेल तर फोल्डरांची मालकी वेगळ्या खात्याकडे द्या आणि सर्व्हरच्या खात्याला वाचण्यापुरती परवानगी ठेवा.

इथे बरेच जण फसतात. फाइल 'रीड-ओन्ली' केली की ती सुरक्षित, असं वाटतं. पण लिनक्समध्ये पुसण्याचा अधिकार फाइलवरून ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावरून ठरतो. सोसायटीच्या फलकावरची नोटीस लॅमिनेट केली तरी फलकाची चावी ज्याच्याकडे, तो ती काढणारच. तेव्हा लिहिण्याची परवानगी फोल्डरावरून काढा, आतल्या उपफोल्डरांवरूनही. यानंतर पोस्टर आणि सबटायटल चित्रपटाशेजारी साठवता येत नाहीत. ती सर्व्हरच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवायला सांगा.

आता लॅपटॉप. विंडोजवर नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला असेल, तर खंडणीखोर व्हायरस त्यातल्या फाइलींनाही कुलूप लावू शकतो. तो शेअर वाचण्यापुरताच ठेवा. नवीन काही टाकायला 'आवक' नावाचा वेगळा फोल्डर करा. तिथून मुख्य साठ्यात हलवायचं काम सर्व्हरवर लॉगिन करून, हातानं. कंटाळवाणं आहे, मान्य. शिवाय नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. लिनक्सवरचा फोल्डर विंडोजला शेअर करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे सांबा; त्यात रिसायकलची सोय वेगळी चालू करावी लागते, 'आवक'साठी ती कराच.

डिस्कवर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम (फाइली साठवण्याची पद्धत) असेल तर रोजचा स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याची त्या क्षणीची स्थिती जपून ठेवणारी नोंद, लावा, 30 दिवसांचे ठेवा. चित्रपट नि घरचे व्हिडिओ सहसा बदलत नाहीत, त्यामुळे जागा फारशी जात नाही. स्नॅपशॉट मात्र त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. रेडचंही (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत) तसंच: डिस्क बिघडली तर तारून नेतं, पुसलेलं मात्र सगळ्या डिस्कवरून एकदमच जातं.

बॅकअपच्या स्क्रिप्टमधून 'डिलीट'चा पर्याय आधी काढा. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एक बाहेरची हार्ड डिस्क आणा, महिन्यातून एकदा जोडा, कॉपी झाली की वायर काढून ठेवा. माझी दुसरी डिस्क निगडीला बहिणीच्या कपाटात, साड्यांखाली आहे. सगळा साठा परवडत नसेल तर चित्रपट सोडून द्या, ते पुन्हा मिळतील. मुंजी, बारशी, आजीच्या ओव्या आधी.

शेवटी परीक्षा घ्या. 'चाचणी' नावाचा एक फालतू व्हिडिओ साठ्यात टाका आणि टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप सगळीकडून तो पुसायचा प्रयत्न करा. मग बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून चालवून बघा. दिवाळीत मी भाच्यालाच रिमोट दिला, म्हटलं, उडवून दाखव. दहा मिनिटं मेनू धुंडाळले त्यानं, मग रिमोट सोफ्यावर टाकला आणि मस्तानी प्यायला चला म्हणाला.