तंबू साउनातली भट्टी: धूर न कोंडता कशी पेटवावी

तंबू साउना म्हणजे तंबूत भट्टी पेटवून घ्यायचं फिनिश पद्धतीचं वाफेचं स्नान. त्याच्या खोक्यावर 'अर्ध्या तासात ९० अंश' असं छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण तो आकडा छताखालच्या हवेचा. दगड तोवर कोमटच असतात, आणि साउना दगडांवर चालतो. फिनलंडमध्ये दगड रचलेल्या या भट्टीला 'किउआस' म्हणतात. दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेसाठी तर त्यांच्याकडे वेगळाच शब्द आहे. ती वाफ मिळणार की डोळ्यांत धूर जाणार, ते भट्टी पेटवल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत ठरतं.

तंबू कसा उभारायचा ते पत्रकात असतं. तिथे नसलेल्या दोन गोष्टी सांगतो. बर्फावर थेट भट्टी ठेवली तर पायांखालचा बर्फ वितळतो, भट्टी कलते आणि तिच्याबरोबर धुराडंही. म्हणून खाली फरशी घाला. पीटच्या (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या) जमिनीवर तर भट्टी नकोच, ती जमीन आतल्या आत धुमसत राहते. कापडापासूनचं अंतर निर्मात्याने दिलेलं असेल तेवढंच ठेवा. बाकं जवळ घ्यायची म्हणून ते कमी करू नका.

धुराड्याच्या नळ्या जोडताना निमुळतं तोंड खाली, भट्टीकडे. धुरातलं डांबर नळीच्या आतून ओघळतं आणि सांधा उलटा असला तर बाहेर येऊन कापडावर टपकतं. वरचं टोक तंबूच्या माथ्याच्या बरंच वर हवं आणि त्यावर ठिणग्या अडवणारी जाळी हवी. भट्टी नवी असेल तर पहिला जाळ उघड्यावर, दगडांशिवाय, तासभर करा. कारखान्यातलं तेल आणि रंग जळताना जो वास येतो तो तंबूत नको.

दगड साउनासाठीचेच घ्या, पेरिडोटाइट किंवा ऑलिव्हिन डायबेस. तळ्याकाठचे गुळगुळीत गोटे फुकट मिळतात, पण त्यांच्या फटींत पाणी मुरलेलं असतं आणि तापल्यावर ते फुटतात. (सह्याद्रीतला काळा दगड चालेल का, असं मराठी मंडळी विचारतातच. भोकांत पांढरे खडे भरलेला तर नक्कीच नको. ते बहुधा झिओलाइटचे असतात आणि त्यांच्यात पाणी असतं.) दगड धुऊन मोठे खाली, लहान वर, मधून हवा खेळेल असे सैल रचा. भिंतीसारखे ठासून बसवले तर खालचे लाल होतात आणि वरचे गारच राहतात.

आता पेटवणं. गावाकडे चूल किंवा बंब पेटवलेल्यांचा हात आपोआप फुंकणीकडे जातो. इथे फुंकू नका. या भट्टीला हवा धुराडं ओढून देतं, आणि ते गार असेल तर ओढतच नाही. तळ्याकाठच्या थंडीत दोन-तीन मीटर नळीत जड, गार हवेचा बूच बसलेला असतो. खाली तुम्ही जाळ केला की धूर वर जाण्याऐवजी भट्टीच्या दारातून तोंडावर येतो. मग माणूस घाबरून दार लावतो, आग गुदमरते, धूर आणखी दाटतो आणि पुढची अर्धी संध्याकाळ त्यातच जाते.

म्हणून आधी धुराडं गरम करायचं. नळीतली झडप पूर्ण उघडा, राखेचा खण बाहेर ओढा, तंबूचं दार सताड उघडं ठेवा. वर्तमानपत्राचं एक पान पिळून पेटवा आणि भट्टीत मागे, नळीच्या तोंडाखाली धरा. ते जळून गेलं की दुसरं. नळीतून भुर्रर्र असा आवाज आला आणि ज्योत मागे खेचली जाताना दिसली की ओढ धरली. तो आवाज येईपर्यंत लाकडाला काडी लावायची नाही. कधी दोन पानं लागतात, कधी पाच.

लाकूड वरून पेटवा. मनगटाएवढ्या दोन फोडी तळाशी, मध्ये बोटभर फट. त्यांवर अंगठ्याएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या. सगळ्यात वर बर्चची साल. तिच्यात तेल असतं, ओलसर असली तरी पेटते. भट्टी अर्धीच भरा. खालून पेटवलं तर वरच्या गार लाकडांतून धूर निघतो आणि न जळताच नळीत जातो. वरून पेटवलं तर खालच्या लाकडांचा धूर ज्वाळेतून जातो, जळतो आणि धुराडंही लवकर तापतं. 'आधी खाली कागद, वर लाकडं' हा सल्ला शेकोटीसाठी ठीक आहे.

लाकूड वाळलेलं, फोडलेलं, ओल २० टक्क्यांच्या आत. दोन फोडी एकमेकींवर आपटून पाहा: टणत्कार आला तर वाळलंय, धप्प आवाज आला तर घरी परत न्या. रॉकेल-पेट्रोलचा विचारही नको.

तरीही धूर येतोय? तंबूची चेन बंद असेल तर आधी ती उघडा. भट्टी तंबूतलीच हवा खाते, आणि बंद तंबूत ती संपली की धुराड्यातून बाहेरची गार हवा उलटी खाली उतरते. चेन उघडल्यावर धूर थांबला तर दुखणं कळलं: खालचे झरोके साउना संपेपर्यंत उघडे ठेवा. ऊब जाईल म्हणून ते बंद करणारे बरेच भेटतात. त्यांच्या शेजारी बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि घरगुती सूचकयंत्रं साधारण ४०-४५ अंशांपुढे भरवशाची राहत नाहीत, म्हणजे साउनाच्या उष्णतेत त्यांच्यावर विसंबता येत नाही. डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा.

चेन उघडूनही धूर येत असेल तर वरची जाळी बहुधा काजळीने बुजलेली असते. भट्टी आपसूक विझू देऊन, गार झाल्यावर ती साफ करा.

दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरून धुराडं पाहा. धूर जवळपास दिसेनासा झाला की राखेचा खण अर्धा आत ढकला. नळी लालसर दिसायला लागली तर आणखी ढकला. पातळ पत्रा वाकतो. त्यानंतर एका वेळी एक-दोन फोडी, निखारे असतानाच.

हवा ८० झाली तरी थांबा. चमचाभर पाणी दगडांवर टाका. 'चर्र' होऊन जागच्या जागी उडालं तर तयार. दगडांवरून ओघळून खाली सुळसुळलं तर अजून वीस मिनिटं. पाणी एका वेळी १००-२०० मिली, फक्त दगडांवर, भट्टीच्या अंगावर किंवा नळीवर नाही. समुद्राचं पाणी नको, पत्रा गंजतो.

फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर हिंडता येतं, पण आग पेटवायला मालकाची परवानगी लागते. वणव्याचा इशारा लागू असेल त्या दिवशी ठिणग्या उडवणारी भट्टीही पेटवू नका.

शेवटी लाकूड घालणं थांबवा आणि जाळ आपसूक संपू द्या. निखारे असताना झडप लावायची नाही, भट्टीवर पाणी ओतायचं नाही. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, दुसऱ्या दिवशीपर्यंत. तंबू मात्र भट्टी गरम आहे तोवरच दारं उघडी टाकून वाळवा. ओला गुंडाळला तर पुढच्या वेळी बुरशीचा वास येतो आणि तो कशानेही जात नाही.