गाठी बांधायच्या आधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या टॉवेलवाल्याला निर्बंधांचं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "आम्ही टॉवेल विकतो हो, दारूगोळा नाही." उत्तर अर्धं बरोबर आहे. दुहेरी वापराच्या वस्तूंची भारताची जी स्कोमेट यादी आहे, तिच्यात टेरी टॉवेल नाही. पण अमेरिका आणि युरोपचे निर्बंध बऱ्याचदा मालापेक्षा माणसाला, कंपनीला, बँकेला नाहीतर जहाजाला लागलेले असतात. अशा यादीतल्या माणसाला हातरुमाल विकला तरी पैसे अडकतात. म्हणून निर्यातीचा पहिला कंटेनर भरणाऱ्यांनी खालची तयारी मागावर बीम चढवायच्या आधी करावी.

घरचे कागद पटकन उरकून घ्यावेत. आयईसीची, म्हणजे आयात-निर्यात कोडाची, माहिती दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करावी लागते, काहीही बदललेलं नसलं तरी. विसरलात तर कोड बंद होतो, आणि ते कळतं शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज) भरायला बसल्यावर. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) न्हावा शेवा बंदरासाठी कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, तेही बघावं. आयजीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नव्याने लागतं. सीए करतोच, पण एकदा स्वतः लॉगिन करून खात्री करावी.

मग मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरणातला आकडा. इथे सीएचए (कस्टम्सची कामं करणारा एजंट) मागच्या शिपिंग बिलातला आकडा उचलतो आणि आपण सही करतो. कस्टम्स कायदा 1962 च्या कलम 17 नुसार मालाचं वर्गीकरण आणि मूल्य निर्यातदारानेच ठरवून जाहीर करायचं असतं. आकडा चुकला तर "सीएचएने टाकला" हे उत्तर चालत नाही. सुती टेरी टॉवेल 6302 60 मध्ये येतो. वॉफल विणीचा सुती टॉवेल दिसायला टॉवेलच, पण टेरी नव्हे, तो 6302 91 कडे जातो. चादरीचं कोडं तर आपल्याच गावाचं. पांघरायची असेल तर 6301, अंथरायची बेडशीट असेल तर 6302, पलंगपोस असेल तर 6304. आपण तीच चादर थंडीत पांघरतो आणि उन्हाळ्यात गच्चीवर अंथरतो, हे कस्टम्सला सांगून उपयोग नाही. ड्रॉबॅकचा (निर्यातदाराला परत मिळणाऱ्या शुल्काचा) दर कोडावर ठरतो, त्यामुळे चुकीच्या कोडाने जास्त रक्कम घेतली गेली तर प्रकरण दंडापर्यंत जातं. प्रत्येक मालाचा एक नमुना, त्याची वीण, धागा आणि जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) लिहून बाजूला ठेवावा.

आता गिऱ्हाईक. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि नेमका इथेच कुणी देत नाही. भारत सरकार फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतं, एकट्या देशाचे नाही, हे खरं. पण आपली बँक, जहाज कंपनी आणि विमा कंपनी अमेरिकेच्या यादीला घाबरतात, कारण डॉलरचा जवळपास प्रत्येक व्यवहार न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेतून फिरून येतो. दिरहममध्ये पैसे घेतले म्हणजे सुटलो असंही नाही. यादीतल्याशी व्यवहार करणाऱ्या बिगर-अमेरिकी कंपनीलाही अमेरिका यादीत टाकू शकते, आणि तसं झालेलं आहे.

दर कळवण्याआधी खरेदीदाराचं नाव ओफॅकच्या (अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या निर्बंध कार्यालयाच्या), युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या याद्यांत शोधावं. तिन्ही फुकट पाहता येतात. फक्त कंपनीचं नाव घालून थांबू नये, मालकांची नावंही मागावीत. यादीतल्या लोकांची मिळून 50 टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असेल, तर कंपनीचं नाव यादीत नसलं तरी ओफॅकच्या नियमाने ती अडकलेलीच. स्पेलिंगला फसू नका. आपल्या पूर्व भागात सख्ख्या भावांच्या आधार कार्डांवर एकाच आडनावाची दोन स्पेलिंगं सापडतात, मग अरबी किंवा रशियन नावाचं काय होत असेल! ओफॅकच्या शोधात साम्याची टक्केवारी 100 वरून खाली आणता येते, ती आणावी. मिळतंजुळतं नाव निघालं तर पत्ता आणि जन्मतारीख ताडून बघावी, आणि हा तो नव्हे असं का ठरवलं ते दोन ओळींत लिहावं.

दुबईच्या ऑर्डरला एक प्रश्न जादा: माल तिथेच खपणार, की तिथल्या जेबेल अली बंदरातून पुढे निर्बंध असलेल्या इराणच्या बंदर अब्बासला जाणार? विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं, आणि उत्तर ईमेलवर घ्यावं. एकदा आमच्या मालाचे पैसे ऑर्डर देणाऱ्याऐवजी तिसऱ्याच कंपनीच्या खात्यातून आले. आम्ही खुशीत, पैसे आले ना! बँकेने ते धरून ठेवले आणि तिन्ही पक्षांचा करार मागितला, जो आम्ही केलेलाच नव्हता. पैसे कोण भरणार हे प्रोफॉर्मात (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलात) आधीच लिहून घ्यायची सवय तेव्हापासून लागली.

माल अमेरिकेला जाणार असेल तर सूत तपासा. 21 जून 2022 पासून तिथे उइघुर सक्तमजुरीविरोधी कायदा लागू आहे. चीनच्या शिनजियांगमधला कापूस मालात असेल तर तो माल सक्तमजुरीचाच, असं गृहीत धरून अडवला जातो. टॉवेल कोणत्या देशात विणला याला महत्त्व नाही. आपलं सूत बहुतेक देशीच असतं, अडचण ते दाखवण्याची आहे. गोदामात चार गिरण्यांचे कोन एकाच रॅकवर, लेबलं फाटलेली, आणि डाइंगला जाताना लॉट एकत्र. अमेरिकी खरेदीदार गाठीपासून टॉवेलपर्यंतची साखळी मागतो तेव्हा आपल्याकडे फक्त सूत दलालाचं बिल असतं. त्यामुळे निर्यातीच्या सुताला वेगळा रॅक द्यावा, गिरणीकडून कापसाच्या उगमाचं पत्र घ्यावं आणि लॉट नंबर डाइंगच्या चलनावर उतरवावा. मुकादमाला दोन दिवस कटकट वाटेल, वाटू द्यावी.

अमेरिकेच्या आयात शुल्कावर तर आपला ताबाच नाही. 7 ऑगस्ट 2025 ला भारतीय मालावर 25 टक्के जादा शुल्क लागलं आणि रशियन तेलाच्या कारणावरून 27 ऑगस्टपासून त्यावर आणखी 25 टक्के. ज्यांचा माल त्याआधी जहाजावर चढला होता आणि 17 सप्टेंबरच्या आत तिथे दाखल झाला, ते दुसऱ्या वाढीतून सुटले. दर पुन्हा बदलत राहणार, तेव्हा शुल्क कोण सोसणार आणि कोणत्या तारखेचा दर धरायचा, हे करारातच असावं. गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद असताना जहाजाची तारीख घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको, तरी दर जानेवारीत कुणीतरी घेतोच.

कारखान्यातच कंटेनर भरणार असाल तर स्वतः सील लावायची परवानगी आणि ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) आधी मिळवून ठेवावं. टेंभुर्णी, इंदापूर, पुणे करत गाडी न्हावा शेवाला पोचल्यावर सील नंबर आणि कागद जुळले नाहीत, तर उघडून तपासणी होते. वजनाचंही तसंच. सुती माल पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून पॅकिंग लिस्ट महिनाभर आधीच्या वजनावर करू नये. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन 1 जुलै 2016 पासून जगभर बंधनकारक आहे.

माल गेल्यावर शिपिंग बिलाच्या नंबराची एकच फाइल करावी. यादीतल्या शोधाचं तारखेसह प्रिंट, दुबईवाल्याचा ईमेल, गिरणीचं पत्र, ईबीआरसी (पैसे आल्याचा बँकेचा दाखला), सगळं त्यात. मार्च 2025 पासून ओफॅकने कागद जपायची मुदत 5 वरून 10 वर्षं केली आहे, त्यामुळे तिकडचा खरेदीदार आठव्या वर्षीही विचारू शकतो. वजनकाट्याच्या पावतीची मात्र झेरॉक्स काढून लावावी. थर्मल कागद वर्ष-दोन वर्षांत कोरा होतो.