पोळ्यानंतरचा सल्ला : अंडी आहेत तोवरच ट्रायकोकार्ड, अळी बारीक आहे तोवरच बुरशी

पोळा झाला, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ईडापीडाही गावाबाहेर काढून झाली. बोंडअळी काही मारबतीसोबत जात नाही. पोळ्याच्या अमावस्येच्या मागेपुढे पतंगांची अंडी घालायची घाई असते, म्हणून काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेडकडे ज्यांची पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभी आहे त्यांनी या पंधरवड्यात वावरातली चक्कर चुकवू नये.

दरवर्षी एक तक्रार हमखास ऐकू येते : ट्रायकोग्रामा माशी ज्यातून निघते ती ट्रायकोकार्डं लावली, कीड मारणाऱ्या बुरशीची पुडीही फवारली, फरक पडला नाही. कधी माल शिळा असतो, हे खरं. पण बऱ्याचदा वेळ चुकलेली असते. अळी मुकाट्याने मरत नाही, तिलाही रोगप्रतिकारशक्ती असते. तिच्या अंगात लाल रक्त नसलं तरी रक्तपेशी असतात. परोपजीवी माशीने अळीच्या पोटात अंडं घातलं की या पेशी त्याला घेरतात, थरावर थर चढवतात, तो गोळा काळा पडतो आणि आतलं अंडं मरतं. काही माश्याही कमी नाहीत. हरभऱ्यातल्या घाटेअळीवर जगणारी कॅम्पोलेटिस अंड्यासोबत एक विषाणूही टोचते आणि अळीची ही फौजच लुळी पाडते.

ट्रायकोग्रामा या भानगडीत पडतच नाही. अर्धा मिलिमीटरची ही माशी अळी व्हायच्या आधी, पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. ताज्या अंड्यात रक्तपेशींची फौज नसते. गुलाबी बोंडअळीसाठी तर हीच जागा हाती आहे, कारण अळी एकदा बोंडात शिरली की माशी, बुरशी, औषध, सगळंच बाहेर राहतं. 2017 साली विदर्भाने ते भोगलं आहे.

एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी समजा. कार्डं मात्र त्याची वाट न पाहता पीक साठ दिवसांचं झालं की सुरू करायची. ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री या ट्रायकोग्रामाच्याच जातकुळीतल्या माशीची एकरी साठ हजार अंडी, म्हणजे वीस हजारांची तीन कार्डं, दहा-दहा दिवसांनी. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला, दिवस कलल्यावर टाचा. कार्डावरची माशी निघण्याची तारीख वाचूनच घ्या. आणि कार्ड लावल्यावर आठवडाभर कीटकनाशकाचा पंप खांद्यावर घेऊ नका. सकाळी कार्ड आणि दुपारी फवारा, असं करणारेही आहेत!

आता सोयाबीन. इथे काम बुरशीचं. इल्या मेच्निकॉव या शास्त्रज्ञाने 1879 मध्ये ओडेसाकडे गव्हावरच्या भुंगेऱ्यांत हिरवी बुरशी पाहिली आणि किडींविरुद्ध ती वापरायची कल्पना मांडली. आज हुमणीसाठी (मुळं खाणाऱ्या जमिनीतल्या अळीसाठी) आपण वापरतो ते मेटारायझियम हेच. पुढे 1882 मध्ये त्यानेच तारामाशाच्या अळीत काटा टोचून पाहिलं, की शरीरातल्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होतात. त्या कामासाठी 1908 चं नोबेल मिळालं. कीड मारणारी बुरशी आणि शरीर राखणाऱ्या पेशी, दोन्ही एकाच माणसाने पाहिल्या.

बुरशी अळीच्या कातडीतून आत शिरते. आत गेल्यावर मेटारायझियम स्वतःभोवती असं आवरण चढवतं, की रक्तपेशींना ते ओळखूच येत नाही. पण शिरायला वेळ आणि ओल लागते. तेवढ्यात अळीने कात टाकली तर कातीसोबत बीजाणूही गळून पडतात. मोठी अळी तर सहजासहजी बधत नाही. म्हणून सोयाबीनवरही येणाऱ्या तंबाखूवरच्या अळीचा पुंजका पानाखाली दिसला, पान जाळीदार झालं, की त्याच संध्याकाळी नोमुरिया रिलाई ही बुरशी फवारा, लिटरला 4 ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला 60 ग्रॅम. भर उन्हात नको. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतील, घाबरू नका, मरायला आठवडा लागतो.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच होते. शेंगा भरताना करप्यासाठी बुरशीनाशक मारतात आणि त्याच टाकीत ही पुडीही ओततात. बुरशीनाशकाला मित्रबुरशी आणि शत्रूबुरशी कळत नाही. दोन्हींत निदान आठवड्याचं अंतर ठेवा, आणि बुरशीनाशक वापरलेला पंप नीट धुतल्याशिवाय त्यात बुरशी भरू नका.

ढगाळ, दमट हवेत पांढरट, मग हिरवट भुकटी आलेल्या ताठ अळ्या पानाला चिकटलेल्या दिसतील. त्या तोडून धुऱ्यावर फेकू नका, तिथेच राहू द्या. त्यांच्यावरचे बीजाणू वाऱ्याने शेजारच्या ओळीतल्या अळ्यांवर जातात.