चालू सर्व्हरमध्ये एक्स्पान्शन कार्ड परत बसवताना

बँकेचा किंवा रुग्णालयाचा मुख्य सर्व्हर एका कार्डापायी बंद ठेवायला कुणी सहजी परवानगी देत नाही. म्हणून मोठ्या सर्व्हरमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचे, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या खाचांचे, स्लॉट हॉट-प्लग असतात. यंत्र चालू राहतं आणि त्या एका स्लॉटची वीज तेवढी बंद करता येते. कार्ड काढताना सगळेच जपून वागतात. परत बसवताना मात्र ‘आता काय, नुसतं आत सरकवायचं’ म्हणून घाई होते आणि घोळ तिथेच होतात.

इथे उदाहरण घेऊ लिनक्स चालवणाऱ्या सर्व्हरचं. दोन पोर्टचं फायबर चॅनेल कार्ड (सर्व्हरला फायबर केबलने स्टोरेजशी जोडणारं) देखभालीसाठी काढलेलं आहे आणि तसंच दुसरं कार्ड स्टोरेजचा सगळा भार एकट्याने ओढतंय. दुसऱ्या कार्डाचा आधार नसेल तर मुळात हे काम चालू यंत्रात करूच नये.

सोय आहे का, ते आधी बघा

रोजच्या वापरातल्या बहुतेक दोन-यू (रॅकमध्ये दोन खण उंचीच्या) सर्व्हरमध्ये समोरच्या डिस्क चालू यंत्रात काढता-घालता येतात, मागची कार्डं नाहीत. दोन्हींत गल्लत करू नका. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटसाठी हॉट-प्लग असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नसेल तर सर्व्हर रीतसर बंद करा आणि सगळ्या पॉवर केबल काढा. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण बंद सर्व्हरच्या स्लॉटवरही स्टँडबाय वीज असते.

आयबीएमच्या पॉवर मालिकेतल्या काही यंत्रांत कार्ड कॅसेटमध्ये बसवून मागूनच सरकवतात, ओरॅकलच्या मोठ्या स्पार्क यंत्रांत त्यासाठी कॅरिअर असतो. तिथे झाकण उघडावंच लागत नाही. तुमच्या सर्व्हरचं झाकण उघडावं लागत असेल तर हवेचा प्रवाह बिघडतो, पंखे जोरात फिरू लागतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेच्या आत ते परत लागायला हवं. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर, केबलची लेबलं आणि कार्ड, सगळं हाताशी घेऊनच झाकणाला हात लावा.

कार्ड तपासून घ्या

रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे अंगावरची स्थिर वीज वाहून नेणारा पट्टा, मनगटाला घट्ट बांधा आणि दुसरं टोक चॅसीच्या (सर्व्हरच्या सांगाड्याच्या) रंग नसलेल्या धातूला लावा. स्थिर विजेचा झटका आपल्याला जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टच्या पुढे. कार्डावरचे काही घटक त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला खराब होतात, म्हणजे काही जाणवलं नाही याला अर्थ नाही.

कार्ड कडेला किंवा ब्रॅकेटला, म्हणजे त्याच्या टोकाच्या धातूच्या पत्र्याला, धरा. सोनेरी पट्ट्यांवर बोट लागलं तर तिथे तेलकट थर राहतो. पट्ट्यांवर ओरखडा किंवा धूळ नाही ना, स्लॉटमध्ये कचरा नाही ना, टॉर्चने बघून घ्या.

तेच कार्ड परत येतंय की बदली कार्ड आहे, हेही इथेच विचारा. बदली असेल तर त्याचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे स्टोरेज नेटवर्कमधली त्याची ओळख, वेगळा असतो. तो स्टोरेजवाल्यांना आधीच कळवा. स्विचवरचं झोनिंग (कोण कुणाशी बोलू शकतं याची यादी) आणि स्टोरेजवरची परवानगी बदलल्याशिवाय कार्ड ठणठणीत असूनही एकही लन, म्हणजे स्टोरेजने दिलेली डिस्क, दिसणार नाही, आणि मग रात्री दोन वाजता निर्दोष कार्ड पुन्हा उपसलं जातं.

स्लॉट तोच, आणि वीज बंद

कार्ड ज्या स्लॉटमधून काढलं त्याच स्लॉटमध्ये घाला. चॅसीवर छापलेला क्रमांक आणि ऑपरेटिंग सिस्टीम दाखवते तो क्रमांक जुळवा. खात्री नसेल तर सॉफ्टवेअरमधून त्या स्लॉटचा पिवळा दिवा लुकलुकता करा. शेजारच्या, चालू कार्डाच्या स्लॉटला चुकून हात लागणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक.

मग हिरवा दिवा बघा. पूर्ण बंद असेल तर स्लॉटला वीज नाही, कार्ड घालायला हरकत नाही. लुकलुकत असेल तर वीज चालू किंवा बंद होण्याच्या मधल्या अवस्थेत आहे, थांबा. स्थिर पेटलेला असेल तर हात मागे.

बसवणं

स्लॉटची लॅच उघडी ठेवा, कार्ड सरळ रेषेत धरा आणि वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या. एक टोक आधी आणि दुसरं नंतर अशी झुलवाझुलव नको. ब्रॅकेटचं खालचं टोक चॅसीच्या खाचेत गेलं नाही की स्क्रू आवळताना कार्डाची मागची बाजू उचलली जाते, आणि नेमकं हेच वरून बघताना दिसत नाही. कडेने वाकून पाहा: सोनेरी पट्टी सगळीकडे सारखीच आत गेलेली हवी.

कार्ड आलं आहे हे सर्व्हरला कळतं ते कनेक्टरमधल्या ‘हजेरी’च्या पिनांमुळे. त्या मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात, म्हणजे बाकीच्या पिना टेकल्यानंतर सगळ्यात शेवटी टेकतात. कार्ड अर्धवट बसलं तर बहुधा याच पिना टेकत नाहीत आणि स्लॉट रिकामाच दिसत राहतो.

लॅच बंद करा, स्क्रू लावा. फायबर केबल अजून जोडू नका.

वीज चालू करा

स्लॉटजवळ अटेन्शन बटण असेल तर एकदाच दाबा. हिरवा दिवा 5 सेकंद लुकलुकतो. या वेळात पुन्हा दाबलं तर विनंती रद्द होते. काही झालं नाही असं वाटून दोनदा बटण दाबणारे बरेच भेटतात, आणि मग ‘स्लॉट चालत नाही’ अशी तक्रार येते. बटण नसेल तर ऑपरेटिंग सिस्टीममधून स्लॉटची वीज चालू करण्याची आज्ञा द्या. लिनक्सऐवजी सोलारिस असेल तर हे ‘सीएफजीएडीएम’ कमांडने होतं. एआयएक्सवर हॉट-प्लगच्या मेनूतून स्लॉट चालू करून नंतर ‘सीएफजीएमजीआर’ चालवतात.

वीज स्थिर झाल्यावर किमान 100 मिलिसेकंद कार्ड रीसेटमध्येच ठेवलं जातं, मग लिंक, म्हणजे कार्ड आणि सर्व्हरमधला दुवा, जुळते, मग सिस्टीम कार्डाला पत्ते वाटते आणि ड्रायव्हर चढतो. यात काही सेकंद जातात. हिरवा दिवा स्थिर झाला आणि पिवळा बंद राहिला तर पुढे जा. पिवळा स्थिर पेटला तर बिघाड आहे. कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) लॉग वाचा, कार्ड लगेच उपसू नका. लॉगमध्ये मेमरीसाठी जागा मिळाली नाही अशी ओळ असेल तर दोष बसवण्यात नाही. आधीपेक्षा जास्त मेमरी मागणारं वेगळं कार्ड घातल्यावर असं होतं.

हिरव्या दिव्यावर समाधान मानू नका

हिरवा दिवा एवढंच सांगतो की स्लॉटला वीज आहे. कार्ड पूर्ण ताकदीने चालतंय का, हे ‘एलएसपीसीआय’ कमांडच्या सविस्तर रूपात बघावं लागतं. त्यात दोन ओळी शेजारी वाचा: कार्डाची लिंक क्षमता आणि लिंकची सध्याची स्थिती. क्षमता आठ लेनची (लेन म्हणजे माहिती वाहून नेणारी एक वाट) आणि चालू मात्र चारच, असं दिसलं तर कार्ड तिरकं बसलंय, पट्टी मळलीय किंवा त्या स्लॉटलाच चार लेन आहेत. कार्ड काढण्यापूर्वी हीच ओळ टिपून ठेवली असेल तर उत्तर एका नजरेत मिळतं. लेन कमी असल्या तरी कार्ड तक्रार न करता काम करत राहतं. महिनाअखेरीला बॅकअप रेंगाळतो तेव्हा लोक कारण भलतीकडेच शोधतात.

आता फायबरची टोकं साफ करून लेबलप्रमाणे जोडा. प्रकाश येतोय का म्हणून टोकात डोकावू नका, लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. मग ‘मल्टीपाथ’च्या, म्हणजे एकाच डिस्कपर्यंतचे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या सोयीच्या, यादीत प्रत्येक लनचे मार्ग मोजा. काढण्याआधी चार होते तर आताही चारच हवेत, आणि सगळे सक्रिय. कमी दिसले तर नव्याने स्कॅन करा.

नेटवर्क कार्ड असेल तर स्लॉटवरून ठरणारं इंटरफेसचं नाव सहसा तेच राहतं. पण कॉन्फिगरेशन मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या नेटवर्क ओळखीला) बांधलेलं असेल आणि कार्ड बदली असेल, तर इंटरफेस उठत नाही. बाँडिंगमध्ये, म्हणजे अनेक इंटरफेस एकत्र बांधलेल्या गटात, तो परत सामील झाला का, तेही पाहा.

झाकण लावा आणि अर्धा-एक तास लॉगवर लक्ष ठेवा. ‘दुरुस्त झालेल्या’ पीसीआय त्रुटींचा आकडा एकदा वाढून थांबला तर चालतं, सतत चढत असेल तर कार्ड नीट बसलेलं नाही. आकडा स्थिर असेल तर चेंज तिकीट (या कामाची नोंद) बंद करण्यापूर्वी, परवानगी घेऊन, इतके दिवस एकट्याने भार ओढणाऱ्या कार्डाचे मार्ग थोडा वेळ बंद करून बघा. स्टोरेजचं काम न अडखळता नव्याने बसवलेल्या कार्डावरून चाललं, तर ते मार्ग परत चालू करा आणि तिकिटात स्लॉट क्रमांक, लेनची संख्या व फर्मवेअरची आवृत्ती लिहा.