चिलट ओळखायचं कसं? मारण्याआधी पंख बघा

पावसाळा लागला की नागपुरात मोरीत, फळांच्या टोपलीत, कुंड्यांवर बारीक माश्या दिसू लागतात आणि आपण सगळ्यांना सरसकट ‘चिलटं’ म्हणतो. पण प्रत्येकीचं पैदाशीचं ठिकाण वेगळं असतं. माशी मोरीतली असेल, तर केळी फेकून काही होत नाही.

१०पट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कागद, मिलिमीटरची पट्टी आणि झाकणाची पारदर्शक डबी एवढं साहित्य पुरे.

१. माशी बसली की लगेच हात उगारू नका. पंख कसे ठेवलेत आणि ती चालते, पळते की टुणकन उडी मारते, हे आधी बघा. मेलेल्या माशीत ही खूण उरत नाही.

२. डबी उपडी ठेवून माशी पकडा आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. आत दव धरतं आणि पंख चिकटून बसतात. चिरडलेल्या माशीवरची लव झडते, आणि नेमकी तीच बघायची असते.

३. पंख मोजा. खऱ्या माशीला दोनच असतात. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गुंड्या. चार पंख दिसले तर ती माशीच नाही. संत्र्याच्या बागेतली काळी माशी, जिच्यामुळे झाडावर कोळशी (काळी बुरशी) येते, तीसुद्धा चार पंखांची, मावा-तुडतुड्यांच्या नात्यातली.

४. आता भिंग लावा. पिवळसर तपकिरी अंग, लाल डोळे, लांबी ३ मिमीच्या आसपास: पिकल्या फळावरची माशी. काळपट, सडपातळ, लांब पायांची, मण्यांच्या माळेसारख्या मिशांची आणि पंखात इंग्रजी ‘वाय’सारखी शीर असलेली: कुंडीतल्या ओल्या मातीतली. पाठीला कुबड आणि उडण्याऐवजी सैरावैरा धावणारी: सडक्या, कुजक्या घाणीतली.

५. खरी गफलत होते ती केसाळ माश्यांत. मोरीमाशी आणि वाळूमाशी एकाच कुळातल्या. मोरीमाशीचे पंख रुंद, लवदार. बसताना ती ते अंगावर छपरासारखे पसरते, वरून पत्त्यातल्या बदामाचा आकार दिसतो. ती चावत नाही. वाळूमाशी १.५ ते ३ मिमीची, फिकट, लांब पायांची. तिचे पंख निमुळते, आणि बसल्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उभे. छोट्या उड्या मारत सरकते, आवाज करत नाही, संध्याकाळनंतर चावते. चावते ती फक्त मादी. १९६५ साली नागपूर परिसरातल्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू हीच माशी पसरवते. म्हणून उभे पंख दिसले, तर भिंतींच्या भेगा आणि गोठ्याचा ओलसर कोपरा आधी तपासा. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत येते.

६. मोरीमाशीची खात्री करायची तर रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, थोडी फट ठेवून लावा. सकाळी तिला केसाळ माश्या चिकटलेल्या दिसल्या, तर पैदास त्याच पाइपात आहे. एका रात्रीत काही मिळालं नाही तर तीन-चार रात्री लावून बघा.